परळच्या विल्सबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा आपला जुना परिपाठ आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी ह्यांची चरित्रे आपल्या पुष्कळशा भगिनींना तोंडपाठ आहेत. यंदा मी मुद्दाम एका परक्या देशातील स्त्रीची निवड केली आहे. ती आपल्या भाषेची नव्हे, धर्माची नव्हे. पण तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम आपल्या परळमध्ये झाले, आणि तेही आपल्याच आज्या-पणज्यांच्या पिढीतील गरीब बायकांच्या रक्ताची परीक्षा करून. तिचे नाव डॉ. ल्यूसी विल्स. जगभरच्या डॉक्टर मंडळींत हे नाव मानाने घेतले जाते. परळ-लालबागच्या घरांत मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नसते, ही चुटपुट मला बरेच दिवस लागून राहिली होती.

दवाखान्यात नाव घातले की गरोदर बाईच्या हाती लाल गोळ्यांची पाकिटे पडतात. सरकारी योजनेतील त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाने रक्त वाढते ही गोष्ट पुष्कळ जुनी. परंतु त्या गोळीतील दुसरा पदार्थ शोधण्याची वाट ज्यांनी प्रथम दाखविली, त्या ह्याच विल्सबाई.

ल्यूसीचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराजवळच्या सटन कोल्डफील्ड ह्या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. विळे-कोयत्यांसारखी धारेची अवजारे बनविण्याचा घरचा कारखाना होता. वडील विज्ञान शिकलेले, आई एका डॉक्टरची कन्या. घरात ग्रंथांची व शास्त्रीय चर्चेची आवड असल्यामुळे मुलगी म्हणून तिचे शिक्षण कोणी अडविले नाही. भाऊ लेनर्ड पुढे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला. ल्यूसी चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेली. मुलींना गणित आणि विज्ञान नीट शिकविणाऱ्या इंग्लंडातील पहिल्या काही शाळांपैकी ती एक होती. पुढे १९०७ साली ती केंब्रिज येथील न्यूनहॅम ह्या स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाली. वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली तिने परीक्षा पार पाडल्या.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. परीक्षा पार पाडल्या तरी पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी बायकांना परीक्षेला बसू देई, परंतु पदवी देत नसे. स्त्रियांना तेथे पूर्ण पदवी मिळू लागली ती १९४८ साली. आपल्याकडेच स्त्रियांना मागे ठेवले गेले असे नाही, विलायतेतही विद्येच्या मंदिराचे एक दार अर्धेच उघडे होते.

ह्यानंतरची काही वर्षे दुःखाची गेली. १९११ साली वडील वारले आणि १९१३ साली बहीण ईडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. त्याच वर्षी आईबरोबर ल्यूसी सिलोनास जाऊन आली. १९१४ साली भावाबरोबर ती दक्षिण आफ्रिकेस गेली असतानाच पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात भरती झाला. ल्यूसीने केप टाउन येथील इस्पितळात काही आठवडे स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम केले. पानाफुलांचा व दगडांचा अभ्यास केलेली ही मुलगी, तिने रोग्यांच्या खाटांजवळ दिवस काढले आणि परत येताच डॉक्टर होण्याचे ठरविले. जानेवारी १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात तिने नाव दाखल केले, तेव्हा तिचे वय सव्वीस होते.

ह्या विद्यालयाचा आणि हिंदुस्थानचा संबंध जुना. येथून शिकून गेलेल्या कितीतरी डॉक्टरणी आपल्या देशातील जनाना इस्पितळांत काम करीत, आणि हिंदी विद्यार्थिनीही तेथे शिकावयास जात. बेने इस्रायल समाजातील डॉ. जेरूशा झिराड ह्याच काळात तेथे शिकल्या. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळविली, आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलात स्त्रियांची अनेक वर्षे सेवा करून १९६६ साली पद्मश्रीचा मान मिळविला. ल्यूसीबाई १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. त्यांनी लग्न केले नाही, आणि दवाखानाही थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलाशी जोडलेल्या एका विभागात गर्भारपणी शरीरात काय काय फेरबदल होतात, ह्याचा अभ्यास करण्यात त्यांनी आठ वर्षे घालविली. कोणताही डांगोरा न पिटता केलेले हे काम पुढे फार उपयोगी पडले.

आता मुंबईकडे वळू. ते साल होते १९२८. परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी ह्या भागांत गिरण्यांची धुराडी रात्रंदिवस धूर ओकीत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो कुटुंबे चाळींतील एकेका खोलीत कोंबली गेली होती. पुरुषांच्या बरोबरीने बायकाही गिरणीत जात. दिवस भरत आले तरी कामावर जाणे सुटत नसे, कारण खाडा झाला की पगार बुडे. त्याच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी ह्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला.

गिरणगावातील बायकांना आणि एकंदर गरीब वस्तीला त्या दिवसांत एका रोगाने घेरले होते. पाच-सहा महिन्यांची गरोदर बाई फिकी पडू लागे. पायांवर सूज येई, जीभ लाल होऊन चुरचुरे, अन्नावरची वासना जाई, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागे. आपल्याकडे ह्याला पंडुरोग म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर तांबड्या पेशींची संख्या नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलेली असे, आणि ज्या पेशी उरत त्या आकाराने भलत्याच मोठ्या दिसत. पुष्कळ बायका बाळंतपणात अगर त्यानंतर काही दिवसांत दगावत. घरातील लोक तिच्या नशिबाला, नाहीतर कोणाच्या नजरेला बोल लावून मोकळे होत.

डॉ. मार्गारेट बालफर ह्या हिंदुस्थानात अनेक वर्षे काम केलेल्या डॉक्टरीणबाईंच्या मनाला ही गोष्ट फार लागली होती. बाळंतपणात बायका का मरतात, ह्याची चौकशी करण्याचे काम इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतले होते. त्या कामी डॉ. बालफर ह्यांनी ल्यूसीबाईंना बोलावून घेतले. वयाच्या चाळिसाव्या वर्षी विल्सबाई मुंबईत उतरल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. आचार्य दोंदे मार्गावरून आपण जातो-येतो, ती ही संस्था. एके काळी ते गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान होते. १८९९ साली हाफकिन ह्यांची प्लेगची लस बनविणारी प्रयोगशाळा तेथे आली, आणि १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

प्रथम शंका होती ती एखाद्या जंतूची. ल्यूसीबाईंनी रोगी बायकांच्या तपासण्या केल्या, पण रोगाला जबाबदार असा जंतू काही सापडेना. मग त्यांनी उलट बाजूने विचार केला. शरीरात काही नको ते शिरले म्हणून हा रोग होतो, की शरीराला हवे ते मिळत नाही म्हणून होतो? ह्याचे उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळणारे नव्हते. ते चुलीपाशी जाऊन शोधावे लागणार होते.

म्हणून त्यांनी डॉ. तळपदे ह्यांच्या सहकार्याने मुंबईतील निरनिराळ्या थरांतील बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, किती खाते, दूध किती, भाजी किती, फळ कधी दिसते की नाही, मिळकत किती, राहण्याची जागा कशी, ह्यांची नोंद झाली. ह्या पाहणीचा अहवाल १९३० साली छापला गेला. जेथे ताट सकस तेथे रोग क्वचित आणि जेथे ताटात भाजी-फळांचा दुष्काळ तेथे रोग अधिक, असे चित्र त्यातून पुढे आले. आज आपल्याला हे सोपे वाटते. पण बायकांच्या ताटात काय पडते, हा शास्त्राचा विषय आहे असे मानून ते मोजावयास बसणे, ह्यातच त्या बाईंचे मोठेपण आहे असे मी समजते. घरातील पुरुषांची आणि मुलांची पाने झाल्यावर उरेल त्यावर भागविणाऱ्या बाईच्या ताटाचा हिशेब त्यापूर्वी कोण मांडीत होते?

आहारात कमतरता आहे हे कळले, पण नेमकी कशाची? ह्या बायकांच्या जेवणात अ आणि क ही जीवनसत्त्वे फार थोडी असतात असे आढळले होते. ती देऊन पाहिली, पण हा पंडुरोग त्यांनी हटेना. मग पांढऱ्या उंदरांवर प्रयोग सुरू झाले. मुंबईच्या गरीब बायकांच्या जेवणासारखेच खाणे गाभण उंदरिणींना दिले, तो त्याही पंडुरोगी होऊन मरू लागल्या. त्याच खाण्यात यीस्ट मिसळले तर त्या वाचत. मद्य आंबविताना अगर पाव फुगविताना वापरतात ते हे यीस्ट. आता कोडे सुटले असे वाटले. परंतु पुढे तपासात निघाले, की उंदरांचा पंडुरोग बराचसा त्यांच्या अंगावरील उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूमुळे होता. दुसरा कोणी असता तर खट्टू होऊन बसला असता, नाहीतर ती गोष्ट झाकून ठेवली असती. विल्सबाईंनी ती उघड छापली, आणि डॉ. बिलिमोरिया ह्यांच्यासह माकडांवर नव्याने प्रयोग केले. निकृष्ट खाण्याने माकडांच्या रक्तात बायकांच्या रोगासारखाच बिघाड होतो, असे त्यांत दिसून आले.

ह्या वर्षांत बाईंचे पाय एका ठिकाणी ठरत नव्हते. १९२९ सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांनी आपला प्रपंच निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत हलविला. आहारशास्त्राचे थोर संशोधक मॅककॅरिसन तेथेच काम करीत. १९३१ च्या आरंभी त्या मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात होत्या. १९३० पासून उन्हाळ्याच्या दिवसांत काही महिने लंडनला जावयाचे, तेथील प्रयोगशाळेत काम करावयाचे आणि पुन्हा मुंबईला यावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी ह्यांनी १९२६ साली दाखवून दिले होते, की पंडुरोगाचा एक दुर्धर प्रकार जनावराचे यकृत खाऊ घातल्याने बरा होतो. त्यासाठी त्यांना १९३४ साली व्हिपल ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिकही मिळाले. मुंबईतील बायकांनाही यकृताचा उपयोग होत असे. पण तो उपाय महागडा. शिवाय आपल्याकडील शाकाहारी बायकांनी यकृत खावे कसे? गरिबाला परवडेल असे काही हवे होते. विल्सबाईंनी मार्माइट निवडले. मद्याच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा हा तपकिरी, चिकट, खारट अर्क. विलायतेत लोक तो पावाला लावून खातात. १९०२ पासून तो बाजारात होता आणि फार स्वस्त होता.

पंडुरोगाने खाटेला खिळलेल्या बायकांना त्यांनी हे मार्माइट देऊन पाहिले. तीन-चार दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसू लागे. ज्या अन्नाचा वासही नको म्हणत त्या जेवण मागू लागत. रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागत, आणि हळूहळू एकंदर पेशींची संख्या चढत जाई. १९३१ सालच्या जून महिन्यात त्यांनी हा सारा वृत्तांत लंडनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला.

त्यातील खरी शास्त्रीय नवलाई पुढेच आहे. अमेरिकन डॉक्टरांचा तो दुर्धर पंडुरोग आणि मुंबईचा हा पंडुरोग, रक्त पाहिले तर दोन्ही सारखेच दिसत. पण त्या रोगात हातापायांच्या नसा बिघडतात, तसे येथे होत नसे. आणखी एक फरक असा, की यकृताचा साधा, ओबडधोबड अर्क मुंबईच्या बायकांना गुण देई, पण तोच अर्क पुष्कळ शुद्ध करून दिला तर काहीच गुण येत नसे. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते, त्यातच ह्या बायकांचे औषध होते! तेव्हा यीस्टमध्ये आणि कच्च्या अर्कात असलेला हा पदार्थ अगदी निराळा आहे, असे अनुमान त्यांनी बांधले. त्याला नाव नव्हते, म्हणून लोक त्याला विल्स-घटक म्हणू लागले. १९३३ साली त्या लंडनला परतल्या, तरी हा विषय त्यांनी सोडला नाही. १९३७ च्या नोव्हेंबरात विमानाने कराचीपर्यंत आणि तेथून बोटीने त्या पुन्हा मुंबईस आल्या आणि दहा आठवडे हाफकिन संस्थेत राबून गेल्या.

विल्स-घटकाचा चेहरा पुढे हळूहळू उघड झाला. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले. १९४५ साली तो प्रयोगशाळेत बनविता आला. ज्या अमेरिकन कंपनीत हे झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या चाळींतून सुरू झालेल्या शोधाची अखेरची पायरी एका हिंदी माणसाच्या देखरेखीखाली बांधली गेली, ह्याचा मला फार अभिमान वाटतो.

हा पदार्थ करतो तरी काय? आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी दुभंगून तिच्या दोन होतात, तेव्हा पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड हवे. ते नसले तर पेशी वाढते, पण दुभंगत नाही. म्हणून रक्तातील पेशी मोठ्या आणि थोड्या होतात. गर्भारपणी तर पोटात एक नवे शरीर पेशीपेशीने उभे राहत असते. त्यामुळे आईचा साठा भराभर संपतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनवर बॉम्ब पडत असताना बाई रोगनिदानाच्या कामावर होत्या. १९४४ च्या जुलैत रॉयल फ्री हॉस्पिटलावरच एक उडता बॉम्ब कोसळला. तरी काम चालूच राहिले. युद्ध संपले तेव्हा त्या तेथील विभागाच्या प्रमुख होत्या, आणि रक्ताच्या रोगांचा पहिला स्वतंत्र विभाग त्या हॉस्पिटलात त्यांनीच उभा केला. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. तथापि स्वस्थ बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार आणि पंडुरोग ह्यांचा अभ्यास चालू ठेवला. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे दहा वर्षे त्या नगरसेविका होत्या. मोठ्या डॉक्टरीणबाई असूनही त्या सायकलवरून हिंडत, डोंगर चढत, बागेत माती कालवीत. १६ एप्रिल १९६४ रोजी, शहात्तरावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस असताना त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे एक फळ तर त्यांना पाहावयासही मिळाले नाही. पोटातील बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत मिटावी लागते. ती नीट न मिटल्यास मूल व्यंग घेऊन जन्मते अगर जगत नाही. १९९१ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सात देशांत केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. असे मूल पूर्वी झालेल्या बायकांनी दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर तो धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात सिद्ध झाले. अठ्ठावीस दिवस म्हणजे पुष्कळ जणींना आपण गरोदर आहोत हे समजण्याच्याही अगोदरचा काळ. म्हणून नव्या सुनेला आणि लेकीला ही गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे.

येथपर्यंत विल्सबाईंचे चरित्र झाले. पण लिहिताना एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. विल्सबाईंचे नाव राहिले. तळपदे, मेहता, बिलिमोरिया ही त्यांच्या सहकाऱ्यांची नावे जुन्या निबंधांवर छापलेली आहेत. पण ज्या बायकांनी आपल्या बोटातले रक्त तपासावयास दिले, आपल्या घरात काय शिजते ते परक्या बाईला संकोच सोडून सांगितले, खारट चिकट औषध विश्वासाने गिळले, त्यांची नावे कोणाच्या ओठी आहेत? त्यांतील काही बऱ्या होऊन घरी गेल्या, काही गेल्या नाहीत. आज जगात कोठेही गर्भवती फॉलिक ॲसिडची गोळी घेते, तेव्हा ह्या अनाम बायकांचे देणे ती घेत असते. हे ऋण आपण कशाने फेडणार?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, धुराडी थंडावली आणि त्या जागी टोलेजंग इमारती आल्या. पंडुरोग मात्र गेला नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याचे मुख्य कारण लोहाची उणीव हे असले, तरी फॉलिक ॲसिडची आणि बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीवही त्यात असते. गोळ्या फुकट मिळतात, पण त्या पोटात जातात का? गोळीने शौचास काळे होते, मळमळते, बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अडते, अशा तक्रारी आणि समजुती मी स्वतः आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. गोळ्यांची पाकिटे फळीवर पडून राहतात. शौचास काळे होणे हे लोहामुळेच असते आणि त्याने काही अपाय होत नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते ही भीती निराधार आहे.

ताटाकडेही पाहू या. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग ह्यांत फॉलिक ॲसिड भरपूर असते. पण ते पाण्यात विरघळते आणि फार उकळल्याने नाश पावते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, झाकण ठेवून बेताची शिजवावी आणि तिचे पाणी फेकू नये. ह्याच हिरव्या पाल्यातून अ जीवनसत्त्वाचा अंश मिळतो. काही गरोदर बायकांना दिवेलागणीला नीट दिसेनासे होते, ते पुष्कळदा ह्याच जीवनसत्त्वाच्या अभावी. तेव्हा तिकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांना सांगावे. शुद्ध शाकाहारी भगिनींनी दूध-ताक सोडू नये आणि बी-१२ ची तपासणीही करून घ्यावी. कारण बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांचा बिघाड आत वाढतच जातो.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण हळदीकुंकवाला वाण म्हणून डबे, वाट्या लुटतो. यंदा प्रत्येक वाणाबरोबर एक मेथीची अगर पालकाची जुडी द्यावी. आणि आपापल्या मजल्यावर कोणी गर्भवती असेल तर तिची गोळी रोज घेतली जाते की नाही, हे शेजारणीने प्रेमाने विचारावे. दोहदजेवण थाटाने करतो, तसे तिचे रोजचे पानही सर्वांच्या बरोबर वाढले जावे, सर्वांच्या मागून नव्हे. विल्सबाई परळला येऊन गिरणगावातील बायकांचे ताट पाहून गेल्या. ते ताट भरण्याचे काम त्यांनी आपल्याकडे सोपविले आहे, असे मी मानते.